शिवारात जाताना डेव्हलपरलाही न्या

शेतकऱ्यांसाठी ॲप बनवणाऱ्या प्रॉडक्ट मॅनेजरने यवतमाळ-वर्ध्याकडच्या कपाशीच्या शिवारात एकट्याने जाऊ नये. कोड लिहिणाऱ्याला सोबत न्यावं. आणि 'हे फीचर आवडेल का?' असं मुळीच विचारू नये. पाहुण्याचं मन राखायला माणसं 'हो' म्हणतातच. त्यापेक्षा विचारा, 'मागच्या हंगामात गुलाबी बोंडअळी दिसली, तेव्हा आधी कोणाला फोन केला? फवारणीचं औषध कोणी सांगितलं?' उत्तरात बहुधा कृषी केंद्राचा दुकानदार येईल, नाहीतर कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या गंधाने बोंडअळीचे नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात, अडकलेले पतंग मोजणारा शेजारी. प्रश्न डेव्हलपरलाच विचारू द्या, तुम्ही गप्प बसा. जड जातं, पण टीम त्यातूनच घडते. कापूस वेचणीच्या दिवसांत मात्र दुपारी जाऊ नका. संध्याकाळी पारावर भेटा.