शांत आणि टिकाऊ हार्ड डिस्क कशी निवडावी

मी ऐरोलीत घरीच आवाजाचं काम करते. ऑडिओबुक, मुलांचे धडे, कधी एखादी जाहिरात. स्टुडिओ म्हणजे बेडरूमच, भिंतींना रजया लावलेल्या. पंखा बंद करता येतो, खिडकी लावता येते, ठाणे-बेलापूर रोडची वर्दळही रात्री उशिरा ओसरते. मग माईकला ऐकू येतो तो फक्त कॉम्प्युटर, त्यामुळे हार्ड डिस्क घेताना मी आधी कानाचा विचार करते आणि मग आकड्यांचा.

तुमचं सगळं मिळून एक टीबीत मावत असेल तर सरळ एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, घ्या. त्यात फिरणारं काहीच नसतं, आवाजाचा प्रश्नच मिटला. पण लग्नांचे व्हिडिओ, फोटो, माझ्यासारखी रेकॉर्डिंगं साठत जाणार असतील, तर विंडोज छोट्या एसएसडीवर आणि साठा हार्ड डिस्कवर, ही मांडणी सोयीची आणि स्वस्त.

डिस्कवर पहिल्यांदा बघायचा तो वेग. मिनिटाला ७२०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १२०, आणि घूं आवाजही १२० हर्ट्झच्या आसपासचा. पुरुषी आवाज नेमका त्याच पट्टीत बसतो, म्हणून फिल्टर लावून घूं काढायला जावं तर बोलणाऱ्याचा भारदस्तपणाही जातो. ५४०० वाली ९० हर्ट्झवर फिरते आणि सहसा शांत असते. काउंटरवर हमखास ऐकू येतं, “ताई, ७२०० घ्या, फास्ट आहे.” विंडोज एसएसडीवर असेल तर त्या फास्टचा घरी फारसा उपयोग नाही. मात्र ‘५४०० आरपीएम क्लास’ असं लिहिलेलं दिसलं तर तिथे थांबा. आठ टीबी किंवा त्यावरच्या काही डिस्क या नावाखाली प्रत्यक्षात ७२०० ने फिरतात.

कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची डेटाशीट, म्हणजे तांत्रिक माहितीचा कागद, असतो. त्यात आवाजाचे दोन आकडे बघायचे, आयडल आणि सीक. नुसती फिरत असतानाचा तो आयडल, हेड, म्हणजे डेटा वाचणारं-लिहिणारं टोक, इकडेतिकडे धावतानाची कटकट तो सीक. काही ठिकाणी आकडा बेलमध्ये देतात, २.५ बेल म्हणजे २५ डेसिबल. माझ्या कामाला आयडल महत्त्वाचा, कारण रेकॉर्डिंग चालू असताना फाइल एसएसडीवर जाते आणि ही नुसती फिरत असते.

डेटाशीट उघडलीच आहे तर सीएमआर की एसएमआर, म्हणजे डेटा लिहिण्याची पद्धत कोणती, तेही बघून घ्या. सीएमआरमध्ये डेटाचे ट्रॅक शेजारी-शेजारी असतात. एसएमआरमध्ये ते कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. मधलं एक बदलायचं तर शेजारची हलवावी लागतात, म्हणून मोठी फाइल लिहिताना डिस्क मध्येच रखडते आणि नंतर स्वतःशीच खरखरत बसते. घरगुती स्वस्त मॉडेलांत एसएमआर बरीच असते. सीगेटची आयर्नवुल्फ आणि वेस्टर्न डिजिटलची (डब्ल्यूडी) रेड प्लस या नॅससाठीच्या, म्हणजे नेटवर्कवरच्या साठ्याच्या पेटीसाठीच्या, मालिका सीएमआर आहेत, वॉरंटी तीन वर्षांची, आणि घरच्या पीसीत त्या बिनधास्त चालतात. थोडे जास्त पैसे जातात, जाऊ द्या.

अमुक कंपनी चांगली आणि तमुक वाईट, या वादात मी पडत नाही. बॅकब्लेझ ही ऑनलाइन बॅकअप देणारी कंपनी २०१३ पासून आपल्या हजारो डिस्कचे आकडे जाहीर करते. त्यात फरक कंपनीपेक्षा मॉडेलनुसार जास्त दिसतो.

खरेदी ठाण्याला नौपाड्यात गोखले रोडवर करा नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा, पक्कं बिल घ्या. पैसे देण्याआधी डिस्कवरचा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का ते मोबाइलवरच बघा. नसेल तर तो बाहेरून आलेला किंवा कुठल्यातरी मशीनमधून काढलेला माल असू शकतो. घरी आल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडा. ‘पॉवर ऑन अवर्स’, म्हणजे डिस्क आजवर किती तास चालली, ते शून्याच्या जवळ हवेत. पण तेवढ्यावरही जाऊ नका. २०२५च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं, त्यांत हे तास पुसलेले होते. सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची वेगळी नोंद असते, ती लिनक्सवरच्या स्मार्टसीटीएल या डिस्क तपासायच्या प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीत वाचता येते.

मग ‘क्विक फॉरमॅट’चं टिक काढून पूर्ण फॉरमॅट मारा. चार टीबीला सात-आठ तास सहज लागतात, रात्री लावून झोपा. सकाळी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ०५ (खराब म्हणून बदललेल्या जागा) आणि सी५ (संशयास्पद जागा) या दोन ओळी बघा. त्या शून्य नसतील तर डिस्क त्याच दिवशी दुकानात परत. सी७ (डेटा पाठवतानाच्या चुका) वाढला असेल तर आधी साटा केबल, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणारी वायर, बदलून बघा, बहुतेकदा दोष तिचाच निघतो.

आता मुख्य गोष्ट. डिस्क फिरत असताना कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्यावर तळहात दाबून धरा. घूं कमी झाली ना? म्हणजे आवाज डिस्कचा थोडा आणि पत्र्याचा जास्त. अशा वेळी डिस्क बदलून पैसे घालवू नका. स्क्रूखाली रबरी वॉशर घाला, कॅबिनेटच्या पायांखाली जाड फोम द्या, आणि कॅबिनेट लोखंडी टेबलावरून जमिनीवर आणा. स्क्रू कचकचून आवळले की वॉशर दबतो आणि सगळं मुसळ केरात. डिस्क फोममध्ये गुंडाळू मात्र नका, तापेल. मे महिन्यात ४५ अंशांच्या आत राहिली तर ठीक. पॉवर ऑप्शन्समध्ये वीस मिनिटांनी डिस्क झोपवायची सोय आहे. रेकॉर्डिंगच्या आधी मी ती वेळ कमी करते.

मोठ्या डब्ल्यूडी डिस्क दर पाच सेकंदांनी हळूच टक् करतात. तो बिघाड नाही, हेड एकाच जागी राहू नये म्हणून तशी रचना आहे. पण डिस्क सलग खट्-खट् वाजू लागली आणि फाइल उघडेनाशी झाली, तर मशीन तिथेच बंद करा, पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर असावी, आणि ती डिस्क एरवी केबल काढून कपाटात ठेवावी. पावसाळ्यात लाइट येते-जाते, तेव्हा छोटा यूपीएस लावलेला बरा.