चाक नंतर, आधी तीन बादल्या: फ्लॅटमध्ये मातीकामाचा कोपरा कसा लावावा

आमच्या बेसिनखालचा पाइप प्लंबरने उघडला, तेव्हा त्यातून निघालेल्या गाळाची एक वाटी आरामात वळली असती. राखाडी, चिकट, एकजीव. ‘ताई, घरात कुंभारकाम चालतं का?’ त्याने विचारलं. मी हो म्हटलं. त्याने मजुरी थोडी वाढवून सांगितली आणि मी घासाघीस केली नाही.

घरी मातीकाम सुरू करायचं म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न असतो, चाक कुठलं घेऊ? दुसरा, भट्टी केवढ्याला पडते? माझं म्हणणं असं, की पहिलं वर्ष दोन्ही नकोत. घाण पाणी कुठे जाणार आणि अर्धवट ओलं भांडं चार दिवस कुणाचा हात न लागता कुठे राहणार, याची उत्तरं सापडली की तुमचा स्टुडिओ झाला. बाकीचं बरंचसं स्वयंपाकघरातून आणि भंगारातून जमतं. चाकाशिवाय काय करणार, असं वाटत असेल तर चिमटीने दाबून वाटी होते, वळ्या एकावर एक रचून कुंडी होते, पोळीसारखी लाटून ताटली होते. एवढ्यात वर्ष कसं जातं कळत नाही.

जागा

चार बाय सहा फूट पुरे. माझा कोपरा नाशिकमध्ये, गंगापूर रोडच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीत आहे, वॉशिंग मशीनच्या शेजारी. खाली ओल्या फडक्याने पुसता येईल अशी फरशी हवी. गालिचा, सतरंजी, सोफा आसपास नको. झोपायची खोली नको, स्वयंपाकाचा ओटा तर अजिबात नको. उत्तरेकडची खिडकी मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण तिकडचा उजेड दिवसभर सारखा राहतो. पश्चिमेची बाल्कनी असेल तर आधी जाड पडदा लावा. नाशिकचं एप्रिल-मे मधलं चार वाजताचं ऊन कच्च्या भांड्याचं काय करतं, ते पुढे सांगते.

वजनाचा विचार आधी करा. वीस लिटरची बादली ओल्या मातीने भरली की पस्तीस-चाळीस किलोची होते. ती मांडणीवर चढवू नका. टेबलाखाली, भिंतीलगत, जमिनीवरच ठेवा आणि एका बादलीच्या दोन अर्ध्या करा. पाठ आपलीच आहे.

तीन बादल्या

पाइप उघडावा लागल्यानंतर मी ही पद्धत धरली, आणि तेव्हापासून बेसिन तुंबलेलं नाही.

पहिल्या बादलीत मातीने भरलेले हात, हत्यारं, स्पंज धुवायचे. दुसरीत तेच परत खंगाळायचे. नळाखाली जायचं ते त्यानंतरच. काम संपलं की दोन्ही बादल्या रात्रभर तशाच सोडायच्या, ढवळायच्या नाहीत. सकाळी माती तळाशी बसलेली असते आणि वर नितळ पाणी. ते मगाने हलकेच काढून कुंड्यांना घाला किंवा आज परत वापरा. तळाचा गाळ तिसऱ्या बादलीत जातो.

तिसरी बादली अर्धी झाली की चार भाजलेल्या विटा शेजारी शेजारी मांडा, त्यावर जुन्या चादरीचा तुकडा टाका, गाळ ओता, वरून दुसरा तुकडा झाका. विटा पाणी ओढून घेतात. थंडीत दोन दिवसांत तो गाळ मळण्याजोगा होतो. बरेच जण यासाठी प्लास्टर ऑफ पॅरिसची लादी ओततात. ती विटांपेक्षा चांगली शोषते, पण तिचा एखादा कपचा मातीत गेला तर भाजलेल्या भांड्याचा तेवढा पापुद्रा नंतर उडून येतो. नवख्याने विटांवरच भागवावं.

टेबल आणि हत्यारं

माती मळायला जोर लागतो, म्हणून टेबलाची उंची महत्त्वाची. सरळ उभं राहून हात खाली सोडा. मनगट जिथे येतं तेवढी उंची बरोबर. डायनिंग टेबलावर मळाल तर खांदे दुखतील, आणि सनमायकाला माती चिकटून बसते ते वेगळंच. दोन बाय चार फुटांचा १९ मिलिमीटरचा प्लायवूड घ्या. मेन रोडवरच्या कापडाच्या दुकानात जाड मांजरपाट मागा. तो भिजवून, ओढून ताणून प्लायवर बसवा आणि खालून स्टेपल मारा. वाळला की ढोलाच्या पानासारखा ताठ होतो. माती त्याला चिकटत नाही आणि तो थोडं पाणीही ओढून घेतो.

हत्यारांवर पैसे घालवू नका. जुनं लाटणं (एकदा मातीला लागलं की पोळ्यांना परत न्यायचं नाही), काटा-चमचा, मुदत संपलेलं एटीएम कार्ड, स्पंज आणि माती कापायला दोन टोकांना बटणं बांधलेली बारीक तार. टोकदार सुई वाइनच्या बाटलीच्या बुचात खोचली की छान मूठ मिळते. द्राक्षांच्या गावात राहून बूच मिळालं नाही, ही सबब चालणार नाही.

माती कुठली

शेतातली काळी माती आणायचा मोह सगळ्यांना होतो. मलाही झाला होता. आपली काळी माती बेसॉल्ट खडक झिजून झालेली. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला पडलेल्या भेगा आठवा; वाटीलाही तशाच पडतात. शाडू मूर्तीसाठी उत्तम, पण ती वाळवून रंगवायची माती. भाजायच्या भांड्यांसाठी तिच्यामागे लागू नका.

मग दोन वाटा उरतात. जुन्या नाशकात कुंभारवाडा आहे. तिथे जाऊन एखाद्या काकांना विचारून त्यांची तयार, गाळलेली माती घ्या. ती लाल भाजते आणि साधारण ८०० ते १००० अंश सेल्सिअसला पिकते, म्हणजे भाजून पक्की होते. दुसरी वाट म्हणजे पिशवीतून येणारी तयार स्टोनवेअर माती. ती १२०० अंशांच्या पुढे पिकते आणि कपबशीसाठी घट्ट होते. या दोन मात्या एकमेकींत मिसळू नका आणि त्यांच्या बादल्यांवर मोठ्या अक्षरांत नावं लिहा. चुकून लाल मातीची वाटी स्टोनवेअरच्या भट्टीत गेली तर ती फुगते, वितळते आणि भट्टीतल्या फळीला चिकटते. भट्टी उसनी, म्हणून फळी दुसऱ्याची असते, हे लक्षात ठेवा.

वाळवण: इथेच निम्मं काम आहे

एका एप्रिलमध्ये मी सकाळी दहाला केलेली वाटी बाल्कनीच्या कठड्यावर ठेवून बाजारात गेले. दोन वाजता परत आले तर काठ पांढुरका पडला होता आणि बूड अजून गर्द, ओलं होतं. संध्याकाळी काठापासून खाली केसासारखी चीर आली. दुसऱ्या दिवशी त्या चिरेत नख जात होतं.

कारण साधं आहे. माती वाळताना आकसते. ओल्यापासून भाजून बाहेर येईपर्यंत स्टोनवेअरची माती साधारण १० ते १२ टक्के लहान होते. काठ आधी वाळून आकसला आणि बूड अजून ओलं, फुगलेलं असलं की मधे ताण येतो आणि भांडं चिरतं. म्हणजे भांडं लवकर वाळवण्याला काही अर्थ नाही. ते सगळीकडून सारखं वाळलं पाहिजे.

उन्हाळ्यात भांडं झाकून वाळवा. ड्रायक्लीनिंगच्या कपड्यांवर येतं ते पातळ प्लास्टिक यासाठी सगळ्यात चांगलं. काठाला आणि कानाला त्याच प्लास्टिकची वेगळी पट्टी गुंडाळा, कारण तेच आधी वाळतात. रोज थोडं थोडं उघडा. पावसाळ्यात गोष्ट उलटी. जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस भांडं ओलसरच राहतं आणि फडक्यांना बुरशी येते. तेव्हा झाकण काढा, भांडं उपडं करा, पंखा हळू ठेवा आणि त्याचा झोत थेट भांड्यावर येऊ देऊ नका. स्टीलच्या ताटात किंवा प्लास्टिकच्या ट्रेवर वाळवू नका, बुडाला हवा लागत नाही. प्लायचे एक-एक फुटाचे तुकडे कापून घ्या, प्रत्येक भांडं आपल्या फळीवर. हलवायचं ते फळीसकट. फळ्या ठेवायला स्वयंपाकघरातली जुनी लोखंडी मांडणी झकास. मला विचाराल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच नाशकात मातीकामाचा खरा हंगाम आहे.

काम अर्धवट सोडावं लागतं तेव्हा मेडिकलवाल्याकडून औषधांचा थर्मोकोलचा खोका मागून आणा. तळाशी भिजवलेली वीट ठेवा, तिच्याशेजारी भांडं, वर झाकण. आठवडाभर जसंच्या तसं राहतं. बंद पडलेला फ्रिज असेल तर तो भंगारात देऊ नका, याच कामाला लावा.

वाळण्याचे दोन टप्पे हाताने ओळखायला शिका. पहिला, भांडं ओल्या खोबऱ्याच्या वाटीसारखं होतं: नख रुततं, पण उचललं तर आकार बिघडत नाही. कान जोडायचा, बूड खरवडायचं, नक्षी कोरायची ती आताच. जोडताना दोन्ही बाजू काट्याने ओरखडा आणि त्याच मातीची पातळ लापशी मधे लावा. दुसरा टप्पा, पूर्ण वाळलेलं. भांडं गालाला लावून पाहा. गार लागलं तर आत अजून पाणी आहे आणि भट्टीत त्या पाण्याची वाफ भांडं फोडेल.

धूळ

इथे गंमत नाही. वाळलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते, तिचे अगदी बारीक कण तासन्‌तास हवेत तरंगतात आणि वर्षानुवर्षं छातीत गेले तर फुप्फुसं कायमची खराब करतात. म्हणून या कोपऱ्यात झाडू चालवायचा नाही. फक्त ओलं फडकं, ओला स्पंज. मांजरपाट झटकायचा नाही, ॲप्रन बाल्कनीतून झाडायचा नाही (खालच्या काकूंनी मला हे वेगळ्या शब्दांत सांगितलं आहे). वाळलेलं भांडं कोरड्या पॉलिश पेपरने घासू नका. ओल्या स्पंजने गुळगुळीत करा. कोरडी भुकटी हाताळावीच लागली तर एन-९५ मास्क.

भट्टी: उसनी

जुन्या नाशकात गोदाकाठी मातीची गढी नावाचं प्राचीन वस्तीचं टेकाड आहे. तिथे १९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची जोर्वे पद्धतीची (जोर्वे गावावरून नाव पडलेल्या प्राचीन मातीकामाची) खापरं मिळाली. लाल अंगावर काळी नक्षी. ही भांडी इतकी पक्की भाजलेली असत, की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. कच्चं भांडं मात्र पाण्यात टाका, तासाभरात त्याचा पुन्हा चिखल. भाजणं टळत नाही. भट्टी स्वतःची मात्र लागत नाही.

छोटी विजेची भट्टी साधारण ३ किलोवॉटची असते. म्हणजे २३० व्होल्टवर १३ अँपिअर, तेही आठ-दहा तास. ड्राय बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनच्या सॉकेटला ती लावायची नाही. स्वतंत्र वायर आणि एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप वीज तोडणारा स्विच) हवा, मीटरचा मंजूर भार तपासायला हवा, भिंतीपासून अंतर हवं. त्यापेक्षा एखाद्या सिरॅमिक स्टुडिओत किंवा कुंभारवाड्यात ‘माझी भांडी भाजून द्याल का’ म्हणून विचारा. आपली माती कुठली आणि ती किती अंशांवर पिकते, हे आधी सांगा. झिलई (भाजल्यावर काचेसारखा चकचकीत होणारा लेप) लावणार असाल तर तयार, शिशाशिवायची, जेवणाच्या भांड्यांना चालणारी असं बघूनच घ्या.

पूर्ण वाळलेलं कच्चं भांडं बिस्किटाइतकं ठिसूळ असतं. काठाला धरून उचलायचं नाही, दोन्ही हात बुडाखाली. मी पहिल्यांदा सहा भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घालून स्कूटरला अडकवली. पोचेपर्यंत दोन कपांचे कान पिशवीच्या तळाशी होते. आता टोमॅटोच्या कॅरेटमध्ये जुनी गोधडी अंथरते, तिच्या घड्यांत एकेक भांडं बसवते आणि रिक्षाने जाते, कॅरेट मांडीवर घेऊन.

पहिलं काम

कोपरा लागला की तो चालतो का, हे बघायला द्राक्षाच्या पानाची ताटली करा. छाटणीच्या सुमारास बागायतदाराकडे पानं मागितली तर हवी तेवढी मिळतात. त्यावर औषध मारलेलं असतं, म्हणून आधी धुऊन घ्या. मातीचा मोसंबीएवढा गोळा मळा. मांजरपाटावर सात मिलिमीटर जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या समांतर ठेवा आणि मधली माती लाटणं पट्ट्यांना टेकेपर्यंत लाटा; जाडी आपोआप सारखी येते. पान उलटं, म्हणजे शिरांची बाजू मातीवर ठेवा आणि वरून एकदाच, न थांबता लाटणं फिरवा. सुईने कडेकडेने कापा. कडा ओल्या स्पंजने मऊ करा. एका खोलगट ताटलीत कागद घालून त्यावर ही अलगद बसवा, म्हणजे वाळताना थोडी वाटीसारखी वळेल. पान देठाकडून धरून सावकाश सोलून काढा. वर प्लास्टिक, आणि दोन दिवस हात लावायचा नाही.

उचलण्याजोगी झाली की उलटी करून बुडाला काडीने तारीख, मातीचं नाव आणि आपली खूण कोरा. भट्टीतून तीस-चाळीस भांडी एकदम बाहेर येतात, आणि पानाच्या ताटल्या करणाऱ्या तुम्ही एकट्याच नसता.