जुनी डिस्कव्हरी दारात उभी करण्याआधी

पहिलं काम शोरूममध्ये नाही, सोसायटीच्या पार्किंगमध्ये आहे. लँड रोव्हरची डिस्कव्हरी ४ लांबीला ४.८ मीटर आणि उंचीला जवळपास १.९ मीटर, आणि रिकामी असतानाच वजन अडीच टनांच्या घरात. तुमची जागा मेकॅनिकल पार्किंगच्या पाळण्यात असेल, तर त्यावर लिहिलेली वजनमर्यादा आणि वरच्या पाळण्यापर्यंतची उंची आधी मोजून घ्या. बऱ्याच पाळण्यांना ही गाडी झेपत नाही. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याच्या बोळात राहणाऱ्यांनी आरसे मिटून टेप लावावी आणि मगच पुढचं वाचावं.

दुसरं काम पैशांचं. गाडीच्या किमतीच्या किमान ३० टक्के रक्कम बाजूला ठेवा आणि तिला सौद्यात हात लावू नका. ती पहिल्या वर्षातच लागणार आहे. सगळं बजेट गाडीतच जाणार असेल, तर सरळ फॉर्च्युनर बघा. त्यात कमीपणा काही नाही.

कागद बघताना आधी पासिंग बघा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली-एनसीआरमध्ये १० वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवण्यावर बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. तेव्हापासून डीएल पासिंगच्या मोठ्या गाड्या पुण्याच्या बाजारात मोहात पाडणाऱ्या भावात येऊ लागल्या. पण अशी गाडी एमएच १२ किंवा १४ करायची, तर जुन्या आरटीओकडून फॉर्म २८ ची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो. तो मूळ इनव्हॉइसवरून, गाडीच्या वयानुसार घट धरून काढतात. संगम पुलाजवळच्या आरटीओत आकडा विचारून तो किमतीत मिळवा. स्वस्ताई बरेचदा तिथेच संपते. एनओसी हातात पडल्याशिवाय टोकन देऊ नका. स्थानिक गाडी असली तरी नावावर करण्याचे फॉर्म २९ आणि ३०, लोन असल्यास बोजा उतरवण्याचा, बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ आणि थकलेली ई-चलनं हे सगळं तपासा.

आरसीवरची पहिल्या नोंदणीची तारीखही बघा, कारण १५ वर्षांनी फिटनेस काढून नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. १ एप्रिल २०२२ पासून साध्या मोटारीला त्याचे ५,००० रुपये पडतात, पण आरसीवर ‘इम्पोर्टेड’ अशी नोंद असेल तर ४०,०००. २०११ ची गाडी घेणाऱ्याने हा खर्च दाराशीच आहे असं समजावं.

गाडी बघायला दोनदा जायचं, आदल्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. सोबत टेप, टॉर्च, टिश्यू पेपर, पाण्याची लिटरची बाटली आणि लँड रोव्हरचे सगळे मॉड्यूल, म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर, वाचणारा स्कॅनर न्या. ऑनलाइन मिळणारा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर फक्त इंजिनाचे कोड दाखवतो. सस्पेन्शन आणि हँडब्रेकचं काय चाललंय ते त्याला कळत नाही.

ही गाडी स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर उभी असते. म्हणून संध्याकाळी ती सपाट जागी उभी करायला लावा आणि प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावून चार आकडे लिहून ठेवा. सकाळी दार उघडण्याआधीच पुन्हा मोजा, कारण लॉक उघडलं की गाडी जागी होऊन स्वतःला सावरायला लागते. उभी असतानाही ती अधूनमधून सर्वांत खाली गेलेल्या कोपऱ्याशी बाकीचे कोपरे जुळवून घेते. त्यामुळे चारही बाजू सारख्या, थोड्याशा उतरल्या तर घाबरू नका. एकच कोपरा बसला असेल किंवा अख्खी गाडी पोट टेकायला आली असेल, तर कुठला तरी फुगा गळतोय. त्यावर साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे दिसतात. विकणारा म्हणतो, ‘एक फुगा बदलला की झालं.’ तसं होत नाही. गळती भरून काढायला फुग्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर दिवसभर चालत राहतो, हवा कोरडी करणारा त्याचा ड्रायर ओला होतो आणि शेवटी कॉम्प्रेसरच जळतो. कॉम्प्रेसर चालू-बंद करणाऱ्या रिलेचे पॉइंट चिकटले तर गाडी बंद असतानाही तो चालतो आणि सकाळी बॅटरी मेलेली मिळते. फुगे नेहमी जोडीने, आणि कॉम्प्रेसरबरोबर रिले बदलायचाच, असा हिशोब धरा.

सकाळी बोनेटला हात लावा. कोमट असेल तर तुमच्यासाठी इंजिन आधीच गरम करून ठेवलंय, परत जा. ३.० लिटर व्ही६ डिझेलची खरी भीती क्रँकशाफ्टची, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याची आहे. त्याला आधार देणाऱ्या मेन बेअरिंगचा शेल जागेवरून फिरतो, ऑइलची वाट बंद होते आणि क्रँकशाफ्ट तुटतो. हे पूर्वसूचना न देता होऊ शकतं, म्हणून ऑइल बदलल्याची बिलं हाच खरा पुरावा. मालक तयार असेल तर ऑइल फिल्टरचा कागद काढून त्याच्या घड्या उन्हात उलगडा. चमचमणारा धातूचा चुरा दिसला की तिथेच नमस्कार करून निघा. टायमिंग बेल्टचं बिल मागताना इंजिनाच्या मागच्या बाजूच्या, डिझेलच्या हाय प्रेशर पंपाच्या बेल्टचंही मागा. हा दुसरा बेल्ट बरेच जण विसरतात. बिल नसेल तर दोन्ही बेल्ट जुनेच आहेत असं धरायचं.

चक्कर सिंहगडाच्या घाटात मारा. चढावर अगदी हलक्या पायाने ६० ते ८० चा वेग धरा. रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथर जाणवली तर इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर थकलाय. ब्रेक मारल्यावर पुढून ‘टक्’ आवाज आला तर पुढची चाकं धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश गेलेत. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर ते टिकत नाहीत, पण हा खर्च आवाक्यातला असतो. उतारावर थांबून इलेक्ट्रिक हँडब्रेक लावा. कर्कश किंचाळी आली तर हँडब्रेकचे शूज झिजलेत किंवा ड्रममध्ये धूळ बसलीय. थांबून, न्यूट्रलमध्ये लो रेंजही (अवघड वाटेसाठीचे हळू पण ताकदीचे गिअर) टाकून बघा. शेवटच्या वर्षांतल्या काही गाड्यांना ती मुळातच नसते.

आता ती बाटली काढा. सनरूफ उघडून पुढच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या खाचेत सावकाश पाणी ओता. ते चाकांजवळ खाली गळायला हवं. नाही गळलं तर नळ्या तुंबल्यात आणि पावसाळ्यात ते पाणी पायाशी उतरणार. तिथल्या कार्पेटखाली टिश्यू दाबा. ओला निघाला तर वायरिंगचे कनेक्टर हिरवे पडलेत का, ते उघडून बघा. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याच्या पुराने आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडच्या एकतानगरीत शिरलेल्या पाण्याने पुण्यातल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा आणि आतल्या टोकाला चिखलाची रेघ आहे का पाहा. सीटची रेलही तशीच बघा.

सौदा झाला की पहिल्या महिन्यात पुढची कामं उरका. इंजिन ऑइल सुमारे ६ लिटर, ५डब्ल्यू-३० ग्रेडचं, आणि पुढे दर ८ ते १० हजार किलोमीटरला बदलायचं. पुस्तकातला लांबलचक अवधी विसरा. गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभर चालतं असं ऐकवलं जातं, पण तो गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षांनी बदलायला सांगते. गिअर टाकायला दांडा असेल तर गिअरबॉक्स सहा गिअरचा, गोल नॉब असेल तर आठचा. दोघांचं ऑइल वेगळं. फिल्टर गिअरबॉक्सच्या तळाच्या प्लॅस्टिकच्या चेंबरमध्येच असतो, म्हणून चेंबर अख्खाच बदलायचा. लेव्हल इंजिन चालू ठेवून, ऑइल ३० ते ५० अंशांवर असतानाच बघायची. हे ज्याला माहीत नाही, त्या गॅरेजात गाडी सोडू नका.

बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या खाली गेली तर बदला. अशक्त बॅटरीमुळे ही गाडी सस्पेन्शनपासून गिअरबॉक्सपर्यंत भलतेच फॉल्ट दाखवते आणि लोक नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत सेन्सर शोधत फिरतात. टायरवरच्या चार आकड्यांत आधी आठवडा, मग वर्ष. ६ वर्षांवरचे काढून टाका, नक्षी कितीही शिल्लक दिसो. चाकाचे नट १४० न्यूटन मीटरला हाताने कसा, गनने नाही. आणि किल्ली घेताना चाकचोरी रोखणाऱ्या लॉकिंग नटचं सॉकेट मागून घ्या. ते डिकीत सापडलं नाही, तर पहिलं पंक्चर ताम्हिणी घाटात निघेल तेव्हा चाक उतरणार नाही.