कम्प्युटर स्लो झालाय? क्लीनरला पैसे भरायच्या आधी हे करून बघा

गेल्या महिन्यात काकांकडे गेले होते, लॅपटॉप उघडल्या उघडल्या लाल खिडकी आली, "1,316 प्रॉब्लेम सापडले, आत्ताच दुरुस्त करा", आणि दुरुस्त करा दाबलं की थेट पैसे भरायचं पान. काकांनी मागच्या वर्षी भरलेही होते आणि यंदा कार्डवरून परत आपोआप कापले गेले. रिटायर्ड माणूस, घाबरून भरले हो. फार वाईट वाटलं, म्हणून सगळं लिहून काढतेय.

आधी सरळ सांगते, घरच्या विंडोज कम्प्युटरला विकतच्या क्लीनरची, म्हणजे कम्प्युटर साफ करून फास्ट करतो म्हणणाऱ्या अशा सॉफ्टवेअरची, गरज नाही.

ते 1,316 प्रॉब्लेम म्हणजे काय ते मी उघडून बघितलं. ब्राउझरच्या कुकीज, टेम्पररी फाइल्स आणि रजिस्ट्रीतल्या (विंडोज आणि सॉफ्टवेअरची सेटिंग्ज जिथे साठवलेली असतात ती जागा) जुन्या नोंदी, बस. रजिस्ट्रीत लाखो नोंदी असतात, त्यातल्या हजारभर काढल्या तरी स्पीडमध्ये काही फरक पडत नाही, उलट चुकीची नोंद उडाली तर चालू सॉफ्टवेअर बंद पडतं. रजिस्ट्री क्लीनर वापरणं आम्ही सपोर्ट करत नाही असं खुद्द मायक्रोसॉफ्ट सांगतं.

आणि हे घाबरवणं आपल्याकडेच चालतं असं नाही. अमेरिकेत ऑफिस डेपोच्या दुकानांत कम्प्युटरची फुकट तपासणी व्हायची, सुरुवातीला कम्प्युटर स्लो आहे का वगैरे चार प्रश्न, आणि एकावर जरी टिक केली तरी मालवेअरची (व्हायरससारख्या घातक सॉफ्टवेअरची) लक्षणं सापडली असा रिझल्ट यायचा, असा तिथल्या एफटीसीचा, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेचा, आरोप होता. 2019 मध्ये ऑफिस डेपो आणि ते सॉफ्टवेअर देणारी सपोर्ट डॉट कॉम या दोघांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

आता काय करायचं ते.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात स्टार्टअप अॅप्समध्ये जा आणि कम्प्युटर चालू होताना जे लागत नाही ते डिसेबल करा, म्हणजे चॅटिंगची अॅप्स, गेमचे लाँचर, प्रिंटरबरोबर आलेली फालतू सॉफ्टवेअर. काकांकडे अशी 14 निघाली! डिसेबल केलं म्हणजे ते डिलीट होत नाही, लागेल तेव्हा उघडता येतं, त्यामुळे घाबरू नका, फक्त अँटीव्हायरसला हात लावू नका.

मग सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. इथे एक गोष्ट नीट बघा, त्या यादीत डाउनलोड्स पण असतं, त्यावर टिक करू नका, नाहीतर बँकेची स्टेटमेंट्स, नातवाचे फोटो, जे काही तिथे पडलंय ते सगळं जाईल. बाकीचं खुशाल काढा. तिथेच स्टोरेज सेन्स चालू करून ठेवलं की पुढची साफसफाई विंडोज आपली आपण करतं. डिफ्रॅगचंही (डिस्कवर विखुरलेल्या फाइल्स सलग लावणं) तेच, विंडोज ते शेड्यूलप्रमाणे स्वतः करतं, एसएसडी (नव्या प्रकारची वेगवान डिस्क) असेल तर ती वेगळ्या पद्धतीने ऑप्टिमाइझ करतं, त्यासाठी वेगळं काही टाकायचं नाही. आणि विंडोज डिफेंडर हा अँटीव्हायरस आधीपासून आत असतोच.

अजून एक, शटडाउनपेक्षा अधूनमधून रीस्टार्ट करा. फास्ट स्टार्टअप ही विंडोजची सेटिंग चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोज पूर्ण बंद होतच नाही, रीस्टार्टमध्ये होतं.

एवढं करूनही रडतखडत चालत असेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडून डिस्क बघा. एचडीडी (जुन्या प्रकारची, हळू चालणारी हार्ड डिस्क) लिहिलंय आणि आकडा सारखा 100 टक्क्यांना टेकतोय, तर दुखणं तिथे आहे आणि जगातला कुठलाच क्लीनर ते बरं करणार नाही. काकांचं हेच होतं. गल्लीतल्या रिपेअरवाल्याकडून एसएसडी बसवून घेतली, विंडोज नव्याने टाकलं (आधी सगळ्या फाइल्सचा बॅकअप घेतला, ते विसरू नका), आणि जो लॅपटॉप चालू व्हायला चार मिनिटं घ्यायचा तो आता अर्ध्या मिनिटात होतो. पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करा.

आधीच क्लीनर विकत घेतला असेल तर नुसता अनइन्स्टॉल करून थांबू नका, त्याने पैसे कापणं बंद होत नाही. त्यांच्या अकाउंटमध्ये जाऊन ऑटो रिन्यूअल बंद करा आणि बँकेच्या अॅपमध्ये मँडेट (आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी) राहिलंय का तेही बघा, असेल तर कॅन्सल करा. काकांचं राहिलं होतं.