लहान छेदाने गुडघा बदलायचा असेल तर

गुडघ्याचा सांधा बदलताना पारंपरिक पद्धतीत त्वचेवर साधारण २० ते २५ सेंटीमीटरचा छेद घेतला जातो, तर कमी छेदाच्या पद्धतीत तो १० ते १५ सेंटीमीटरवर येतो. नातेवाइकांचे लक्ष या आकड्यांकडेच जाते, पण विचारण्यासारखी गोष्ट त्वचेच्या खाली आहे. खुर्चीतून उठताना मांडीचा पुढचा स्नायू, म्हणजे क्वाड्रिसेप्स, आपल्याला उचलतो; नेहमीच्या पद्धतीत या स्नायूचा कंडरा, म्हणजे त्याला हाडाशी जोडणारा पट्टा, उभा चिरावा लागतो, सबव्हास्टस पद्धतीत स्नायू न कापता खालून उचलून बाजूला केला जातो आणि मिडव्हास्टस पद्धतीत त्याचे थोडे तंतू विलग केले जातात. म्हणून डॉक्टरांना छेद किती इंचाचा हे विचारण्याआधी या तिन्हींपैकी कोणत्या वाटेने जाणार आणि तशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, हे विचारावे.

आत बसणारा सांधा दोन्ही पद्धतींत सारखाच असतो. फायदा दिसतो तो पहिल्या काही आठवड्यांत, कमी वेदना आणि लवकर चालणे या रूपाने. पुढे वर्षभराने फारसा फरक उरत नाही. उलट जागा अरुंद असल्यामुळे सांधा किंचित तिरका बसण्याचा किंवा जखमेच्या कडांवर ताण येण्याचा धोका राहतो. वजन फार जास्त असेल, पाय बराच वाकडा झाला असेल, गुडघा आखडलेला असेल किंवा त्यावर आधी मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, तर मोठा छेदच अधिक सुरक्षित ठरतो, आणि तसे स्पष्ट सांगणाऱ्या डॉक्टरांवर माझा विश्वास अधिक बसतो. शंका असल्यास उभे राहून काढलेला एक्स-रे घेऊन नागपुरातील मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या किंवा मिहानमधील एम्सच्या अस्थिरोग विभागात दुसरे मत घ्यावे. झीज सांध्याच्या एकाच भागात असेल, तर तेवढाच भाग बदलता येईल का, हेही तिथेच विचारावे.

खर्चाचा अंदाज घेताना सांध्याची किंमत वेगळी मागावी. ऑगस्ट २०१७ पासून केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली आहे.

तारीख ठरली की साखर आटोक्यात आणावी, किडलेले दात आणि पायावरच्या जखमा यांवर आधी उपचार करून घ्यावेत आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. घरी भारतीय पद्धतीचे शौचालय असेल तर कमोडची खुर्ची आणावी आणि पलंगापासून शौचालयापर्यंतची वाट मोकळी करावी. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरची वायर आणि त्याच्याखाली साचलेले पाणी नेमके याच वाटेवर असते.

शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकरच्या आधाराने उभे केले जाते. घरी आल्यावर रुग्णाला बरे वाटावे म्हणून कोणीतरी मायेने गुडघ्याखाली उशी सरकवते. ती लगेच काढावी, कारण त्या स्थितीत गुडघा वाकलेलाच राहतो आणि नंतर सरळ होत नाही. त्याऐवजी टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवावी, गुडघ्याची मागची बाजू पलंगाकडे दाबावी, पाच अंक मोजावेत आणि सैल सोडावे. या व्यायामाची सवय शस्त्रक्रियेच्या आधीच लावून घेतली तर नंतर शिकवावे लागत नाही. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी टाकावा आणि उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी टाकावा.

पोटरी अचानक सुजून दुखू लागली, जखमेतून पाणी किंवा पू येऊ लागला, ताप आला, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे. धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.