वळणावर फॉर्मेशन का मोडतं, आणि ते कसं टिकवायचं

विमानांच्या छोट्या प्रतिकृतींनी खेळायच्या हवाई लढाईच्या खेळात, टेबलावर सरळ उडताना फॉर्मेशन (विमानांची एकत्र उडण्याची रचना) कुणालाही जमतं. मोडतं ते वळणावर, कारण बाहेरच्या विमानाला जास्त लांब जावं लागतं. किती जास्त? दोन विमानांमधलं अंतर गुणिले १.५७, वळण ९० अंशांचं असेल तर. म्हणजे १० सेंमी अंतरावर १५.७ सेंमी, आणि ४५ अंशांना जवळपास ८ सेंमी. वळणाची त्रिज्या मोठी घेतली म्हणून हा फरक कमी होत नाही. अंतर कमी केलं तरच होतो.

म्हणून लीडरला (पुढच्या मुख्य विमानाला) कधीही पूर्ण वेगाने नेऊ नका. वेगाच्या एक-दोन पायऱ्या हाताशी ठेवा, नाहीतर बाहेरचा विंगमन (लीडरचं साथीदार विमान) मागे पडला की पुढच्या दोन-तीन फेऱ्या त्याला गाठण्यातच जातात. तेवढ्यात शत्रू त्या एकट्याला गाठतो.

वेग वाढवता येत नसेल तर बाजू बदलून वळा. खऱ्या वैमानिकांचीच ही युक्ती आहे, आणि माझ्या मते टेबलावर सर्वांत उपयोगी. विमानं शेजारी-शेजारी उडतायत, उजवीकडे वळायचंय. या फेरीत डावीकडचं (बाहेरचं) विमान ९० अंश वळतं, उजवीकडचं सरळ जातं. पुढच्या फेरीत उलट: पहिलं सरळ, दुसरं वळतं. दोघांनी चाल मोजायच्या सारख्याच पट्ट्या वापरल्या, वेग सारखाच राहिला, आणि दोघं पुन्हा शेजारी आले. फक्त उजवा आता डावा झाला.

हे नेमकं जुळायला मधलं अंतर (केंद्रापासून केंद्रापर्यंत) एका सरळ चालीएवढं हवं. पट्टी बेसच्या (विमानाच्या खालच्या चौकोनी तळाच्या) पुढे लावून विमान पट्टीच्या पलीकडे ठेवायचा नियम असेल तर पट्टीच्या लांबीत बेसची लांबी मिळवा: १२ सेंमीची पट्टी, ४ सेंमीचा बेस, अंतर १६ सेंमी. इथे एक चूक हमखास होते. वळताना विमानाचं केंद्र जेवढं पुढे आणि बाजूला सरकतं, ते या अंतराएवढंच असेल तर पहिल्या फेरीअखेर दोन्ही विमानं एकाच जागी येऊन आदळतात. हे सरकणं अंतरापेक्षा निदान बेसच्या लांबीएवढं कमी ठेवा, म्हणजे या उदाहरणात १२ सेंमीच्या आत (वळणाच्या पट्टीची त्रिज्या १० सेंमीच्या आत).

बेसचं जमलं तरी पंख अडकतात. १/१४४ मापाच्या स्पिटफायरचे (ब्रिटिश लढाऊ विमानाचे) पंख साधारण ७८ मिमी रुंद, बेस मात्र ४० मिमी. विंगमनला बेसवर उभं धरणाऱ्या दांडीला एक तुकडा जास्त लावा, पंख एकमेकांवरून जातात. ही उंची नियमातली धरायची नाही, हे खेळ सुरू होण्याआधी समोरच्याला सांगून ठेवा. नंतर वाद नको. चौकोनी ४० मिमी बेसचा कर्ण ५७ मिमी भरतो, तेव्हा जागेवर फिरवताना बेस घासू नयेत म्हणून केंद्रं ६ सेंमीच्या जवळ आणू नका. जाड पुठ्ठ्याची तेवढी पट्टी कापून ठेवली की दर वेळी टेप काढावा लागत नाही.

हेक्सच्या (षटकोनी घरांच्या) पटावर गणित वेगळं. विंगमन लीडरच्या मागे-उजवीकडच्या शेजारच्या हेक्समध्ये आहे आणि दोघं एकदमच ६० अंश डावीकडे वळले, तर तो थेट मागे येतो. फार काही बिघडत नाही. उजवीकडे वळले तर तोच लीडरच्या पुढे-उजवीकडे जातो, आणि आता लीडरच मागे. म्हणून विंगमनच्या बाजूला वळायचं असेल तर त्याला आधीच्या फेरीत एक हेक्स मागे सोडा.

चाल करताना पुढचं विमान आधी हलवा. मागचं आधी हलवलं तर पुढच्याच्या बेसवर जाऊन थांबतं. चढताना वेग सर्वांत कमी चढणाऱ्या विमानाचा धरा.

विमानं किती आणि कशी? तीनची व्ही-रचना वळवायला सर्वांत त्रासदायक, कारण कुठेही वळलं तरी एक विंगमन बाहेर पडतोच. जर्मन वैमानिकांनी स्पेनच्या यादवी युद्धात चार विमानांची, म्हणजे दोन जोड्यांची, पद्धत रुळवली; पटावरही तीच घ्या. जोडीतल्या विमानांत ते सुमारे २०० मीटर अंतर ठेवत. १/१४४ मापात हे जवळपास १.४ मीटर होतं, तेव्हा प्रत्यक्षातलं माप टेबलावर आणायच्या भानगडीत पडू नका. लढाई जुंपली की चौघांना एकत्र ठेवण्याचा हट्टही सोडा. जोडी तेवढी टिकवा.