सीड्या माळ्यावर जाण्याआधी

सीडी प्लेअरची लेन्स दमली, चकती आत घेऊन तो नुसताच घुरघुर करायला लागला, की पहिला विचार येतो नवं काय घ्यायचं याचा. तो आठ दिवस बाजूला ठेवा. सीड्यांवरची गाणी संगणकात उतरवून ठेवायची आहेत, म्हणून आधी सगळ्या सीड्या कपाटातून काढा, हॉलमध्ये सतरंजी पसरा आणि तीन ढीग करा. पहिला विकत घेतलेल्या गाण्यांच्या सीड्यांचा. दुसरा ‘एका सीडीत शंभर गाणी’ म्हणून मिळायच्या त्या एमपीथ्री सीड्यांचा; यांना काही करायचं नाही, फायली पेन ड्राइव्हसारख्या तशाच कॉपी होतात. तिसरा घरी राइट केलेल्यांचा.

काम या तिसऱ्या ढिगापासून सुरू करा. दुकानातलं गाणं उद्याही कुठून तरी मिळेल, पण आजीने म्हटलेली भोंडल्याची गाणी दुसऱ्या कुणाकडेच नाहीत. राइट केलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो आणि तो उजेडाने, उष्णतेने उतरत जातो. आमच्याकडे अशा अकरा निघाल्या. बाबांनी वर मार्करने ‘मारवा, कॅसेटवरून, बाजू दुसरी’ असं लिहिलेलं. कुणाचा मारवा, ते त्यांनाही आठवेना. दोन सीड्या वाचल्याच गेल्या नाहीत. पहिल्या बाजूची सीडी तर सापडलीच नाही.

पुसायला जुनं मऊ सुती कापड घ्या, चष्म्याचं उत्तम. मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. सीडीवरची माहिती गोल फिरणाऱ्या रेघेत असते. आडवा ओरखडा प्लेअर सावरून घेतो, रेघेला धरून गेलेला त्याला झेपत नाही. आणि जपायची ती वरची, छापील बाजू. खाली सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लास्टिक असतं, पण वर चकाकीवर नुसता लाखेचा पातळ लेप. तिथे नख लागलं तरी गाणं गेलं समजा.

आता यंत्रं. नव्या लॅपटॉपला सीडीचा कप्पा नसतो, त्यामुळे यूएसबीवर चालणारा डीव्हीडी रायटर लागेल. गाणी उतरवायला विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मॅकवर एक्सएलडी. दोन्ही तुमची रिप, म्हणजे सीडीवरून उतरवलेली प्रत, इंटरनेटवर नोंदवलेल्या इतरांच्या रिपशी ताडून बघतात, पण मराठी सीड्यांची नोंद तिथे बरेचदा नसतेच. मग दोनदा वाचून दोन्ही वाचनं जुळतात का, हे बघायचं. एका सीडीला दहा-पंधरा मिनिटं धरा. ओरखडे असतील तर चहा करून, पिऊन, कपबशा विसळून झाल्या तरी ती फिरतच असते.

फाइल फ्लॅकमध्येच ठेवा; आवाजातलं काही न गमावता फाइल लहान करणारा हा प्रकार. सीडीवरचा आवाज सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट असा असतो आणि फ्लॅकमध्ये त्यातलं काही गळत नाही. एक सीडी साधारण ३०० ते ४०० एमबीत बसते, म्हणजे ३०० सीड्या सव्वाशे जीबीच्या आत. एवढ्या जागेसाठी आज एमपीथ्रीची काटकसर करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. शिवाय आपल्या गाण्याला एमपीथ्री एका जागी बरेचदा दगा देते. विलंबित आणि द्रुत सीडीवर दोन ट्रॅकमध्ये कापलेले असतात. मधे एमपीथ्रीची बारीकशी पोकळी आली की तानपुरा तुटतो आणि बसलेली मैफल उठते. फ्लॅकमध्ये ती पोकळी पडत नाही. तरी प्लेअर घेताना ‘गॅपलेस’ची, म्हणजे दोन ट्रॅक मधे न थांबता वाजवण्याची, सोय आहे ना, हे अशीच एक सीडी लावून तपासा.

सगळ्यात जास्त वेळ खातात ती नावं. ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि ‘पंडित भीमसेन जोशी’ हे संगणकाच्या लेखी तीन वेगळे गायक. म्हणून बसण्याआधीच कागदावर नियम ठरवा: पदव्या नकोत, राग आणि ताल ट्रॅकच्या नावात, तबला-हार्मोनियमची साथ शेऱ्यात, भावगीताला संगीतकार आणि कवी दोघंही. टॅग, म्हणजे फाइलमध्येच साठवलेली ही माहिती, देवनागरीत लिहा, पण फोल्डरची नावं रोमन लिपीत असू द्या. गाडीतला जुना स्टिरिओ देवनागरीच्या जागी चौकोन दाखवतो. रोज दोनच सीड्या करा. आम्ही हौसेने एका रविवारी अठरा केल्या आणि त्यातल्या पाच ‘ट्रॅक ०१, ट्रॅक ०२’ अशाच राहिल्या, अजून आहेत.

जुना अ‍ॅम्प आणि स्पीकर चांगले असतील तर ते काढू नका. लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाला एक छोटा डॅक (डिजिटल फाइलचा अ‍ॅम्पला चालेल असा आवाज करून देणारी डबी) जोडा आणि त्यातून लाल-पांढऱ्या पिनांची वायर अ‍ॅम्पला. वायर पुण्यात तपकीर गल्लीत मिळते. जाताना जुनी वायर खिशात ठेवा, तोंडी वर्णन करत बसू नका. ब्लूटूथने काम भागतं, पण त्यात आवाजाची माहिती आवळून पाठवली जाते आणि थोडी गळते, मग फ्लॅकचा खटाटोप कशाला केला?

सगळ्या फायली ठेवायला दोन हार्ड डिस्क घ्या, दोन्हींवर तेच. दुसरी घरात ठेवू नका. आमची निगडीला बहिणीकडे असते, दिवाळीत येते आणि भर घालून परत जाते. चालू यंत्राला छोटा यूपीएस लावा, पुण्यात गुरुवारी दुरुस्तीच्या कामांसाठी वीज कधी जाईल याचा नेम नसतो.

आणि बाबांसाठी एक बटण. त्यांना फोनवर गायक शोधायचा नसतो, सकाळी सातला ‘लाव’ म्हटलं की लागायला हवं. आम्ही ‘सकाळ’ नावाची यादी करून ती एका छोट्या रिमोटच्या पहिल्या बटणावर ठेवली, वर लाल टिकली चिकटवली.

मूळ सीड्या विकू नका. साथीदारांची नावं बऱ्याचदा फक्त आतल्या पुस्तिकेतच असतात. तिचे फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका. पावसाळ्यात ती कागदं एकमेकांना चिकटतात, म्हणून हे जूनच्या आधी उरका. मग खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला, बाहेरून यादी चिकटवा आणि खोकं माळ्यावर पाण्याच्या टाकीपासून लांब ठेवा.